कुलपाला जामीन कोण?

ऑगस्ट २०११ संपत आला होता. इराणमधल्या एका माणसाने नेहमीप्रमाणे जीमेल उघडायला घेतले आणि क्रोम ब्राउझरने त्याला दारातच अडवले. पत्ता बरोबर होता. समोरून आलेल्या प्रमाणपत्रावर गूगलचे नाव होते आणि त्याखाली सगळ्या प्रमुख ब्राउझरांनी मान्य केलेल्या एका संस्थेची सही होती. कागद म्हणून पाहिले तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. दुसरा एखादा ब्राउझर असता तर त्याने पान निमूट उघडले असते आणि टाइप केलेला पासवर्ड वाटेत दबा धरून बसलेल्या कोणाच्या तरी हाती पडला असता. क्रोम अडून बसला, कारण त्याच वर्षी गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी यादी घालून ठेवली होती: आमच्या संकेतस्थळांसाठी अमुक संस्थांचीच सही चालेल. ही सही त्या यादीबाहेरची होती. हे काय गौडबंगाल आहे, असे त्या माणसाने गूगलला जाहीरपणे विचारले. त्या एका प्रश्नापासून महिन्याच्या आत एका कंपनीचे दिवाळे निघाले आणि एका देशाच्या गृहमंत्र्याला मध्यरात्री पत्रकारांसमोर यावे लागले.

कंपनीचे नाव डिजिनोटार. नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइक गावची, १९९८ साली नोटरींच्या व्यवसायातून जन्मलेली. तिकडचा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस नव्हे. घराची खरेदी, मृत्युपत्र, कंपनीची स्थापना ही कामे त्याच्यासमोर केल्याशिवाय पक्की होत नाहीत. समोरच्याची ओळख पटवायची आणि मगच सही-शिक्का करायचा, हा शेकडो वर्षांचा शिरस्ता इंटरनेटच्या जगात आणावा, असा कंपनीचा उद्देश होता. तो उत्तमच म्हणावा लागेल. डच सरकारनेही विश्वासाने तिच्याकडून प्रमाणपत्रे घेतली. नागरिकांची ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या डिजिडी या सेवेपर्यंत ती पोहोचली होती.

जून २०११ मध्ये घुसखोर या कंपनीच्या जाळ्यात शिरले. १० जुलैला त्यांनी गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र तयार करून घेतले. एकंदर ५३१ बनावट प्रमाणपत्रे निघाली. त्यांत याहू, फेसबुक, स्काइप, मायक्रोसॉफ्ट यांची नावे होती, शिवाय सीआयए आणि मोसाद यांच्या संकेतस्थळांचीही. १९ जुलैला कंपनीच्या लक्षात आले की काहीतरी घडले आहे. तिने सापडली तेवढी प्रमाणपत्रे रद्द केली आणि ती गप्प बसली. ना ब्राउझरवाल्यांना कळवले, ना सरकारला. घुसखोरी कोणाच्याही घरी होऊ शकते. पण साऱ्या जगाने ज्याला साक्षीदार मानले आहे त्याने आपली मोहोर चोरीला गेल्याचे लपवणे ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. त्या मौनाच्या आठवड्यांत इराणमधून सुमारे तीन लाख वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून गूगलच्या सेवा वापरल्या जात असताना ते बनावट प्रमाणपत्र समोर आले, असे पुढे चौकशीत निघाले. ज्या देशात पत्रातल्या मजकुरावरून माणूस तुरुंगात जाऊ शकतो, तिथे या आकड्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

चौकशी फॉक्स-आयटी या डच कंपनीने केली. तिच्या अहवालातला एक तपशील विसरता येत नाही. डिजिनोटारचे प्रमाणपत्रे बनवणारे सर्व्हर अत्यंत कडेकोट खोलीत ठेवलेले होते. यंत्रांतून निसटणाऱ्या विद्युतलहरींवरूनसुद्धा कोणाला काही ऐकता येऊ नये, इतका बंदोबस्त होता. आणि हे सगळे सर्व्हर विंडोजच्या एकाच डोमेनमध्ये होते, एका नाव-पासवर्डाने सगळ्यांत शिरता येत होते, तो पासवर्ड कच्चा होता. अँटिव्हायरसचा पत्ता नव्हता. भिंतीला लोखंड लावले होते आणि जाळ्याच्या वाटेने सारे उघडे होते.

३ सप्टेंबरच्या पहाटे, रात्रीचा एक वाजून गेल्यावर, गृहमंत्री पीट हाइन डोनर यांनी जाहीर केले की सरकारचा डिजिनोटारवर विश्वास राहिलेला नाही. ब्राउझरांनी कंपनीचे नाव आपापल्या यादीतून काढून टाकले. मात्र डच सरकारच्या विनंतीवरून मायक्रोसॉफ्टने ही दुरुस्ती नेदरलँड्सपुरती काही दिवस लांबणीवर टाकली, कारण ती लगेच झाली असती तर सरकारी कारभारच ठप्प झाला असता. जो जामीनदार खोटा ठरला, त्याच्या जामिनावर देशाचे दफ्तर चालू होते. २० सप्टेंबरला कंपनी दिवाळखोर घोषित झाली.

हा जामीन लागतो तरी कशासाठी? १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिले की कधीही न भेटलेले दोघेजण चारचौघांच्या देखत बोलून एक गुपित ठरवू शकतात आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. गणितातली ही विलक्षण सुंदर गोष्ट आहे. पण तिच्यात एक फट राहते. आपण ज्याच्याशी गुपित ठरवले तो नेमका कोण, हे गणित सांगत नाही. मध्ये बसलेला भामटा इकडे बँक बनून ग्राहकाशी एक गुपित ठरवील, तिकडे ग्राहक बनून बँकेशी दुसरे ठरवील आणि दोघांमधला सगळा मजकूर उघडून वाचून पुन्हा बंद करून पुढे पाठवील. गुप्तता असेल, फक्त ती चोराशी असेल. यावर १९७८ साली एमआयटीतल्या लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात तोड सुचवली: दोघांचाही ज्याच्यावर विश्वास आहे अशा तिसऱ्याने नाव आणि त्या नावाची जाहीर किल्ली एकत्र लिहून खाली सही करावी. आज ज्याला प्रमाणपत्र म्हणतात ते हेच.

नेटस्केप कंपनीने १९९५ साली ही कल्पना ब्राउझरमध्ये आणली आणि इंटरनेटवरून खरेदी करणे सोपे झाले. १९९९ साली त्या पद्धतीला टीएलएस हे नाव मिळाले. २०१८ साली तिची सध्याची, १.३ ही आवृत्ती ठरली. पान उघडताना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सगळे घडते. ब्राउझर आणि सर्व्हर मिळून एक तात्पुरती किल्ली ठरवतात, सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर लिहिलेल्या किल्लीची जोडीदार खासगी किल्ली आपल्याकडे असल्याचे सिद्ध करतो, आणि ब्राउझर त्या प्रमाणपत्राखालची सही, त्या सहीखालची सही असे करत करत एका मूळ सहीपर्यंत जातो. ती मूळ सही त्याच्या जवळच्या यादीत असेल तर दार उघडते. ही यादी फोनमध्ये किंवा संगणकात आधीच भरलेली येते. तिच्यात शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रे असतात, आणि वापरणाऱ्याने त्यांतले एकही नाव ऐकलेले नसते.

डिजिनोटारने उघडे पाडले ते इथले व्यंग. यादीतली कोणतीही संस्था जगातल्या कोणत्याही नावासाठी सही करू शकते. बेव्हरवाइकची कंपनी कॅलिफोर्नियाच्या गूगलसाठी करू शकते, उद्या आणखी कोणी सांगलीच्या पतसंस्थेसाठी करील; ज्याच्या नावाने सही झाली त्याला विचारायची गरज नाही. शंभर जामीनदारांत सगळ्यांत ढिसाळ जो असेल, त्याच्या कुवतीवर उरलेल्या सगळ्यांची अब्रू अवलंबून.

याचा भारतीय अध्याय २०१४ च्या जुलैतला आहे, आणि तो आपल्याकडे जेवढा बोलला जायला हवा होता तेवढा बोलला गेला नाही. २ जुलैला गूगलला आढळले की तिच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे भारतात निघाली आहेत. सही होती एनआयसीची, म्हणजे सरकारी संकेतस्थळांचा गाडा वर्षानुवर्षे ओढणाऱ्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. एनआयसीला अधिकार दिला होता माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाने, आणि नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. त्यामुळे विंडोजवर क्रोम आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ही सही मानत. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने तो सुटला. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची प्रमाणपत्रे रद्द केली, हे चांगले झाले. नंतर त्याने कळवले की एनआयसीच्या प्रक्रियेत शिरकाव झाला होता आणि चार प्रमाणपत्रे चुकीची निघाली. गूगलने उत्तर दिले की या चारांखेरीज आणखीही आपल्याला ठाऊक आहेत. म्हणजे सही करणाऱ्यालाच आपण किती सह्या केल्या याचा पुरता हिशेब नव्हता. मग क्रोमने भारताच्या मूळ सहीचा अधिकार सरकारी आणि मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता आखून टाकला.

सरकारी सही आणि संगणकाची यादी यांचा मेळ नसणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ई-आधारची पीडीएफ संगणकावर उघडली की स्वाक्षरीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह येते. सही खरी असते, कायद्याने ग्राह्य असते. फक्त संगणकाला ती कोणाची हे माहीत नसते. उजवे बटण दाबून ‘हिच्यावर विश्वास ठेव’ असे आपणच त्याला सांगायचे, मग हिरवी खूण उमटते. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा हे दिवसातून अनेकदा करतो. विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायला त्याच्याकडे काहीही साधन नाही, आणि तरी ठरवतो तोच.

हा सल सरकारलाही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. आपली स्वतःची विश्वासयादी आणि तिच्यात नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र हवे, ही तिच्यातली अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहोच्या चमूला एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. आपल्या देशाच्या दारांना परदेशी संस्थांनीच जामीन का राहावे, हा प्रश्न रास्त आहे. पण आपली सही यादीत असणे आणि आपली सही विश्वासाला पात्र असणे या दोन वेगळ्या कमाया आहेत. कझाकस्तानच्या सरकारने २०१९ मध्ये नागरिकांना सांगितले की सरकारी मूळ प्रमाणपत्र आपापल्या उपकरणांत बसवा. ते बसवले की सरकारला वाटेत थांबून प्रत्येकाचा मजकूर उघडता येणार होता. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांनी ते प्रमाणपत्र अडवले. भारताच्या सहीला जगात मान मिळवायचा असेल तर त्याची वाट उघड्या दप्तरातून जाते: लेखापरीक्षण सर्वांना पाहता येईल असे, आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी सांगणारे.

या उघड्या दप्तराची युक्ती आता रुजली आहे. गूगलमधले बेन लॉरी, अ‍ॅडम लँगली आणि त्यांचे सहकारी यांनी ती मांडली. २०१३ साली तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१८ अखेरपासून क्रोमने नव्या प्रमाणपत्रांसाठी ती सक्तीची केली. कल्पना अशी की प्रत्येक प्रमाणपत्र एका सार्वजनिक वहीत नोंदवले गेलेच पाहिजे, आणि वही अशी की तिच्यात फक्त पुढे लिहिता येते. मागचे पान फाडले किंवा खोडले तर गणिताने ते उघडकीला येते. खेड्यात जमिनीचा फेरफार मंजूर होण्याआधी त्याची नोटीस चावडीवर लागते, ती याचसाठी. आपल्या गटावर दुसऱ्याचे नाव चढते आहे हे ज्याला हरकत घ्यायची त्याला दिसावे. प्रमाणपत्रांच्या वहीत कोणीही आपल्या संकेतस्थळाचे नाव घालून पाहू शकतो: कोणी, कधी, किती प्रमाणपत्रे दिली. शाळेचे, संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने हे एकदा तरी करून पाहावे. फुकट आहे आणि मिनिटभराचे आहे.

हे सगळे मोठ्यांचे झाले. साध्या माणसाच्या साध्या पानाला कुलूप कशाला, हा प्रश्न बराच काळ विचारला जाई. कविता तर आहेत, त्या कोणी वाटेत वाचल्या तर बिघडले काय?

ऑक्टोबर २०१० मध्ये सॅन दिएगोच्या एका परिषदेत एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचे जोडसाधन दाखवले. तेव्हा फेसबुक, ट्विटर यांसारखी संकेतस्थळे पासवर्ड घेतानाच काय ती गुप्तता पाळत. आत शिरल्यावर ओळखीची चिठ्ठी, म्हणजे कुकी, उघड्यावर फिरत असे. कॉफीच्या दुकानातल्या मोफत वायफायवर बसून फायरशीप चालू केले की आसपासच्या लोकांची नावे आणि चेहरे कडेच्या पट्टीत दिसू लागत. नावावर दोनदा क्लिक केले की त्याच्या खात्यात प्रवेश. धोका नवा नव्हता. तो शेजाऱ्याच्या हातात देऊन दाखवल्यावर मात्र कोणाला नाकारता येईना.

दुसरा प्रकार घराजवळचा. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला दिसले की आपलेच पान मोबाइलच्या ३जी जोडणीवरून उघडले की त्यात आपण न लिहिलेली ओळ येते. मोबाइल कंपनीच्या वाटेवर कोणीतरी तिथे परका कोड टाकत होते. त्याने पुरावा जाहीर केला, तर तो कोड बनवणाऱ्या परदेशी कंपनीने त्यालाच कायदेशीर नोटीस धाडली. कवितेच्या पानाला कुलूप का, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही. कुलूप नसेल तर वाटेतला कोणीही कवितेत आपली ओळ घालू शकतो, आणि वाचणाऱ्याला ती कवीचीच वाटेल. गुप्ततेइतकेच हे अखंडतेचे काम आहे, आणि लिहिणाऱ्यांना ते अधिक जवळचे वाटायला हवे.

अडचण पैशाची आणि कटकटीची होती. प्रमाणपत्रासाठी दरवर्षी पैसे मोजायचे, अर्ज तयार करायचा, ईमेलची वाट पाहायची, आलेली फाइल सर्व्हरवर नेमक्या जागी ठेवायची. शिवाय विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला एका आयपी पत्त्यावर अनेक प्रमाणपत्रे ओळखता येत नसत, म्हणून वेगळा पत्ता विकत घ्या. हौशी माणूस इथे हात टेकत असे.

ही भिंत पाडली लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने. मोझिलातले जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, मिशिगन विद्यापीठातले अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्स्ली हे त्यामागचे चौघे. नोव्हेंबर २०१४ मध्ये घोषणा, १४ सप्टेंबर २०१५ ला पहिले प्रमाणपत्र, डिसेंबरपासून सर्वांना खुले. फुकट आणि माणसाविना. तुम्ही नाव सांगायचे. समोरून एक चिठ्ठी येते, ती आपल्या संकेतस्थळावर ठरल्या जागी ठेवायची. त्यांचा संगणक येऊन ती बघतो. चिठ्ठी सापडली म्हणजे त्या जागेवर तुमचा ताबा आहे. हे सगळे एक छोटा प्रोग्राम परस्पर करतो, नूतनीकरणही तोच करतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक अब्जावे प्रमाणपत्र निघाले, तेव्हा १९ कोटींहून अधिक संकेतस्थळे या व्यवस्थेवर होती आणि ती चालवणारे पूर्णवेळ कर्मचारी होते १३. जून २०१७ मध्ये जगात उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी ५८ टक्के कुलूपबंद होती. पावणेतीन वर्षांत ती ८१ टक्के झाली. मेलबर्नहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेले एकर्स्ली सप्टेंबर २०२२ मध्ये कर्करोगाने गेले, वयाच्या ४३ व्या वर्षी. त्यांचे नाव न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांचा पत्रव्यवहार आज त्यांच्या कामामुळे झाकलेला आहे, आणि हे ऋण मराठीतही कुठेतरी लिहून ठेवले पाहिजे.

पण सगळ्यांना कुलूप मिळाले, तसे ठगांनाही मिळाले. वीजबिल थकल्याचा संदेश येतो, दुवा दाबला की महावितरणासारखे दिसणारे पान उघडते, आणि पत्त्यापाशी कुलूप असते. ते कुलूप खोटे नाही. आपला मजकूर त्या पत्त्यापर्यंत कोणाच्या नजरेस न पडता पोहोचेल, एवढेच ते म्हणते. त्या पत्त्यावर कोण राहतो याची हमी त्याने कधीच दिली नव्हती. ती आपण गृहीत धरली. अनेक वर्षे बँकांनी आणि पोलिसांनीही ‘कुलूप बघून व्यवहार करा’ असे लोकांना शिकवले, त्याची ही फळे आहेत. गूगलने २०२१ साली केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चित्र पत्त्याच्या पट्टीतून काढूनच टाकले. हे योग्य झाले. शिकवायचे असेल तर पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला शिकवावे, आणि संदेशातून आलेल्या दुव्यावर पैसे भरू नयेत हे.

प्रमाणपत्राचे आयुष्य आता झपाट्याने आखडते आहे. एके काळी ते पाच वर्षांचेही मिळे. २०२० पासून ३९८ दिवसांवर आले. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी मिळून पुढचे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. चोरीला गेलेले प्रमाणपत्र रद्द झाल्याची बातमी प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोहोचवणे कधीच नीट जमले नाही, म्हणून त्याने लवकर आपोआप मरावे हा हिशेब. मुदत चुकली की काय होते ते मोठ्यांनीही भोगले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक प्रमाणपत्र संपले आणि ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या लक्षावधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडले. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स याच कारणाने काही तास बसले.

आपल्याकडच्या छोट्या संस्थांची स्थिती अधिक नाजूक आहे. वाचनालय, पतसंस्था, शाळा, दिवाळी अंक यांचे संकेतस्थळ बहुधा ओळखीतल्या कोणीतरी हौसेने करून दिलेले असते. तो पुढे नोकरीला बाहेरगावी जातो, डोमेनचा पासवर्ड त्याच्या ईमेलवर, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या फोनवर. एके सकाळी वाचकाला लाल इशारा दिसतो आणि कार्यालयातून उत्तर मिळते, ‘तरी पुढे जा, उघडेल.’ असे सांगणे थांबवले पाहिजे, कारण तोच इशारा उद्या खरा असेल तेव्हाही लोक पुढे जातील. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये आपोआप नूतनीकरणाची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती चालू आहे का ते विचारून घ्यावे. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या ईमेलला जोडले आहे, हे संस्थेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत त्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली तरी पुरतील.